मुलांची मुंबई : राणीच्या बागेपासून म्हातारीच्या बुटापर्यंत

वसंत ऋतूत व्याख्याने योजण्याची प्रथा पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने सुरू झाली आणि हळूहळू महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या गावांनी ती उचलली. या प्रथेत एक गंमत आहे. ज्या दिवसांत मोठी माणसे संध्याकाळी ज्ञानाच्या गोष्टी ऐकायला सतरंजीवर येऊन बसतात, नेमक्या त्याच दिवसांत मुलांच्या शाळा सुटलेल्या असतात. वडील व्याख्यानाला आणि मुले अंगणात, अशी ही वाटणी. आज आम्ही ती थोडी मोडणार आहोत. आजचा विषय मुलांचा आहे आणि तो त्यांच्या वडीलमंडळींनी ऐकावा अशी आमची इच्छा आहे.

पनवेलच्या मुलाला 'मुंबई दाखवणे' हा एके काळी संस्कारच होता असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मुंज व्हायची ती व्हायची, पण मुंबई पाहिल्याशिवाय मुलाला जगाची ओळख झाली असे कोणी धरीत नसे. आणि मुंबई दाखवायची म्हणजे काय दाखवायचे, याची यादीही ठरलेली असे. राणीची बाग, अजबखाना, गेटवे, चौपाटी, हँगिंग गार्डन आणि पुढे म्हातारीचा बूट व मत्स्यालय. ही यादी कोणत्याही पुस्तकातून आलेली नव्हती. आईबापांनी आपल्या आईबापांकडून ती घेतली होती. तिच्यातल्या एकेका स्थळाचा इतिहास पाहू लागलो की एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. यांतले बहुतेक काही मुलांसाठी बांधलेलेच नव्हते.

पण स्थळांकडे वळण्यापूर्वी वाटेचा विचार केला पाहिजे, कारण पनवेलकरांच्या बाबतीत वाट हीच पहिली मौज होती. आज कोणाला खरे वाटणार नाही, पण मुंबई आणि पुणे यांच्यामधला दरवाजा म्हणजे आपले पनवेल होते. मुंबईहून पुण्याला निघालेला मनुष्य होडीने खाडी ओलांडून पनवेलच्या बंदराला उतरे आणि तेथून घाट चढू लागे. बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि १८३० च्या नोव्हेंबरात गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो खुला केला, तेव्हापासून तर या वाटेला राजमार्गाचे स्वरूप आले. साहेबलोक, सावकार, पलटणी, टपाल, सगळे आपल्या गावावरून जाई. १८५२ साली येथे नगरपालिका झाली, ती उगीच नाही.

पुढे आगगाडी आली. १८५३ साली ती ठाण्यापर्यंत धावली आणि १८६३ साली बोरघाट चढून गेली. तिची वाट कल्याण-कर्जतवरून होती, पनवेल बाजूला राहिले. नेमके याच सुमाराला, १८६२ च्या नोव्हेंबरात, भायखळ्याजवळ ती बाग उघडली जिला पुढे सारा महाराष्ट्र राणीची बाग म्हणू लागला. म्हणजे मुंबईत मुलांना दाखवण्याजोगे काही निर्माण झाले आणि त्याच वेळी मुंबईचा हमरस्ता आपल्या गावावरून उठून गेला. १८६३ सालीच गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. एखाद्या शहराचे असे सविस्तर वर्णन मराठीत करावेसे वाटणे, हीच त्या शहराच्या आकर्षणाची पावती म्हटली पाहिजे.

आगगाडी गेली तरी पाणी राहिले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे पनवेल-उलव्याच्या मुलाने मुंबई पाहिली ती बहुधा समुद्राकडून. खाडीत पाणी असेल तेव्हाच निघायचे. घड्याळात किती वाजले याला अर्थ नाही, भरती केव्हा आहे ते विचारायचे. फडक्यात भाकरी आणि लसणीची चटणी, तांब्यात पाणी, आणि लाट आली की आईच्या पदराचे टोक मुठीत. मुंबईला उतरायचे ते भाऊच्या धक्क्यावर. हा धक्का १८४१ साली लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य यांनी बांधला. लोक त्यांना भाऊ म्हणत, म्हणून भाऊचा धक्का. सरकारी दप्तरात त्याला काहीही नाव असो, धक्का भाऊंचाच राहिला. लोकांनी दिलेले नाव कसे टिकते याचे आणखी एक उदाहरण पुढे येणारच आहे.

या जलमार्गाला नुसती मौजेची बाजू नव्हती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या दिवशी दर्श अमावस्या, गटारी, होती आणि घरी परतणाऱ्यांनी बोट भरली होती. आपल्या भागात कितीतरी घरांत त्यानंतर पुष्कळ दिवस पाण्याच्या वाटेचे नाव काढले की बायका गप्प होत. मुलांना मुंबई दाखवायला रस्त्याने न्यायचे म्हणजे मुंब्रा-ठाण्यावरून मोठा वळसा होता, तरी तो वळसा पत्करणारे वाढले. १९६४ साली दिवा-पनवेल लोहमार्ग झाला आणि आगगाडी अखेर आपल्या दारात आली. शंभर वर्षे उशिरा का होईना, आली.

आता बागेत जाऊ. या बागेचे मूळ भायखळ्यात नाही, शिवडीला आहे. पश्चिम हिंदुस्थानची एक कृषी व उद्यानविद्या मंडळी होती. तिची बाग शिवडीला होती. झाडे लावावी, परदेशी रोपे येथे रुजतात का ते पाहावे, शेतीला उपयोगी पडेल असे काही करावे, हा तिचा हेतू. पुढे ती जागा गोऱ्या लोकांच्या दफनभूमीसाठी गेली आणि मंडळीला भायखळ्याकडे जागा मिळाली. तेथे राणी व्हिक्टोरियाच्या नावाने बाग झाली. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्ते ती उघडली. या मंडळीचे अध्यक्षपद भूषविणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट होते, म्हणजे आपले नाना. बागेच्या आवारात वस्तुसंग्रहालय व्हावे म्हणून नाना आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वर्गणीसाठी किती उंबरे झिजवले असतील याची कल्पना केलेली बरी. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, नाना ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचे. मुंबईतल्या मुलांच्या या पहिल्या स्थळामागे असे कोकणपट्टीचे दोन गृहस्थ उभे आहेत.

वस्तुसंग्रहालयाची कथा बागेहून दुर्दैवी. त्याचा आरंभ फोर्टातल्या एका बराकीत झाला होता. १८५७ साली बंडाच्या गडबडीत फौजेला जागा हवी झाली आणि तेथला संग्रह घाईघाईने हलवण्यात त्याची हेळसांड झाली. डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी तो पुन्हा जमवायला घेतला. १८६२ साली नव्या इमारतीची कोनशिला बसली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा वाहत होता, वर्गण्यांचे आकडे पडत होते. १८६५ साली ते युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, शेअरांचे कागद रद्दीच्या मोलाचे झाले आणि काम अडले. भाऊ दाजींसारखा मनुष्य त्यात पोळून निघाला. नाना त्याच वर्षी वारले. शेवटी सरकारी पैशाने इमारत पुरी झाली आणि २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांसाठी उघडले. योगायोग असा की त्याच १८७२ साली आपल्या पनवेलला धूतपापेश्वर औषधी कारखान्याचा आरंभ झाला. मुंबईत साहेब वनस्पतींना नावांच्या चिठ्ठ्या लावीत होता आणि येथे पुराणिकशास्त्री त्याच वनस्पतींचे काढे करीत होते.

बाग झाडांसाठी आणि संग्रहालय व्यापारी माल व कारागिरी यांच्या नमुन्यांसाठी. येथे मूल कोठे आले? ते आले जनावरांबरोबर. १८७३ मध्ये ती मंडळी संपली आणि बाग नगरपालिकेकडे आली. १८९० साली बागेला आणखी सुमारे पंधरा एकर जागा जोडून तेथे प्राणिसंग्रह मांडण्यात आला. त्या दिवसापासून बाग मुलांची झाली. लंडनचे उदाहरण येथे आठवते. तेथल्या रीजंट्स पार्कमधला प्राणिसंग्रह १८२८ साली उघडला तो विद्वान सभासदांसाठी. सामान्य माणसाला आत सोडायला १८४७ साल उजाडले, आणि तेही पैशांची चणचण भासली म्हणून. विद्येचे घर मुलांनी काबीज करावे, हा प्रकार सगळीकडचाच दिसतो.

राणीच्या बागेतली एक वस्तू मात्र पनवेलच्या मुलाने विशेष प्रेमाने पाहावी अशी आहे, आणि तिच्याकडेच कोणी पाहत नाही. संग्रहालयाच्या बाहेर दगडाचा एक मोठा हत्ती उभा आहे. हा घारापुरीचा हत्ती. बेटाच्या दक्षिण अंगाला, जुन्या उताराजवळ तो उभा असे. पोर्तुगीज आले, त्यांनी त्याला पाहिले आणि साऱ्या बेटाला 'एलेफंटा' हे नाव देऊन टाकले. म्हणजे जगभरच्या पुस्तकांत ज्या नावाने हे बेट ओळखले जाते, त्या नावाचा धनी हा हत्ती. १८१४ साली त्याची मान आणि डोके गळून पडले. १८६४ साली कोणाच्या तरी मनात आले की हा इंग्लंडला न्यावा. उचलताना यारी मोडली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. तुकडे इंग्लंडला नेण्यात अर्थ नव्हता, म्हणून ते या बागेत आणून टाकले. १९१४ साली ते जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. सांधे आजही दिसतात.

आपल्या खाडीतून मुंबईकडे निघालेल्या होडीला घारापुरीचे बेट दिसायचे. त्या होडीतले मूल तासाभराने बागेत जाऊन जिवंत हत्तीला भाकरीचा तुकडा द्यायला धावे आणि याच पाण्यावरून आलेल्या दगडी हत्तीच्या शेजारून पुढे जाई. त्याच्या बापालाही ठाऊक नसे. आम्हाला वाटते, मुंबई दाखवण्यातला आपला दोष हा की आपण दाखवतो पुष्कळ आणि सांगतो थोडे. हा हत्ती दाखवायला दहा मिनिटे लागतात, पण पोर्तुगीज, इंग्रज, चोरी, अपघात आणि दुरुस्ती असे तीनशे-चारशे वर्षांचे पुराण त्याच्या सोंडेत आहे.

याच बागेत १९६५ साली आणखी एक पाहुणा आला. काळा घोडा. सातवा एडवर्ड युवराज असताना हिंदुस्थानात आला, त्याच्या स्मरणार्थ आल्बर्ट ससूनने दिलेला हा पुतळा फोर्टात होता. स्वातंत्र्यानंतर राजा नको झाला, तेव्हा घोड्यासकट त्याला राणीच्या बागेत पाठवले. चौकाचे नाव मात्र काळा घोडाच राहिले. शेवटी २०१७ साली तेथे स्वाराशिवाय नुसता घोडा उभा करण्यात आला. मुलांना विचारले असते तर त्यांनी ही युक्ती १९६५ सालीच सुचवली असती. त्यांना घोडाच हवा होता, राजा कधीच नको होता. बागेलाही पुढे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे नाव देण्यात आले आणि ते योग्यच झाले. तरी लोकांच्या तोंडी राणीची बाग हेच नाव आहे. आता ती राणी कोणती, व्हिक्टोरिया की जिजाऊ, हे ज्याचे त्याने ठरवावे. नाव टिकले आणि अर्थ बदलला, भाषेत असे होते.

बागेतून बाहेर पडले की मुलांना पुढची मौज फुकटात नव्हे, पण थोडक्या पैशांत मिळत असे. ती म्हणजे ट्राम. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम कुलाब्याहून पायधुणीपर्यंत सुरू झाली तेव्हा तिचे भाडे तीन आणे होते, आणि त्या काळी तीन आणे ही काही थोडी रक्कम नव्हे. १९०७ साली विजेची ट्राम आली, १९२० साली दुमजली. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली की मुंबई ही आपल्यासाठीच हलवली जात आहे असे मुलाला वाटे. ३१ मार्च १९६४ रोजी रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. दुमजली बस १९३७ पासून होती. तिने हा वारसा चालवला आणि जुन्या पद्धतीची शेवटची दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तिच्या जागी विजेवर चालणाऱ्या, थंड हवेच्या दुमजली बसगाड्या आल्या आहेत. खिडकी उघडत नाही. वाऱ्याने केस उडाले नाहीत तर वरच्या मजल्यावर बसायचे कशाला, असे मुलांनी म्हटले तर त्यांचे चुकते असे आम्हाला वाटत नाही.

फोर्टात प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम आणि गेटवे. दोन्ही जॉर्ज विटेट या एकाच शिल्पकाराची कामे. म्युझियमची कोनशिला १९०५ सालची, पण इमारत उभी झाली तेव्हा पहिले महायुद्ध सुरू झाले होते, म्हणून आधी तेथे लष्करी रुग्णालय होते आणि बालकल्याणाचे केंद्रही. १० जानेवारी १९२२ रोजी ते संग्रहालय म्हणून उघडले. म्हणजे या एका इमारतीने वस्तूंच्या आधी मुलांना आत घेतले होते. १९९८ पासून ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे आणि २०१९ साली त्याच्या आवारात मुलांचे स्वतंत्र संग्रहालय झाले. गेटवेविषयी फार सांगत नाही. १९११ साली राजा आला, १९२४ साली त्याच्या स्वागताची कमान पुरी झाली आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी त्याच कमानीतून इंग्रजांची शेवटची पलटण निघून गेली. येण्यासाठी बांधली, जाण्यासाठी उपयोगी पडली. मुलांना तेथे कबुतरे आणि घारापुरीच्या बोटी पाहायच्या असतात. त्यांनी त्या पाहाव्या.

मलबार टेकडीवरचे हँगिंग गार्डन हेही मुलांसाठी नव्हते. खाली पाण्याची टाकी आहेत. वाढत्या शहराला पाणी पुरवण्यासाठी १८६० साली विहारचा तलाव झाला, पुढे १८८० नंतरच्या वर्षांत टेकडीवर पाणी साठवण्याची सोय झाली. त्या टाक्यांवर माती पसरून वर फुलझाडे लावली. झुडपे कातरून केलेले हत्ती आणि बैल पाहताना मूल खरे म्हणजे मुंबईच्या पिण्याच्या पाण्यावर उभे असते. ही गोष्ट मुलाला सांगून पाहा. तो लगेच खाली वाकून जमिनीला कान लावतो.

आता या सर्व यादीत मुलांसाठी, केवळ मुलांसाठी, बांधलेले असे पहिले ठळक स्थळ कोणते? हँगिंग गार्डनच्या समोरचे कमला नेहरू पार्क आणि त्यातला म्हातारीचा बूट. साल १९५२. स्वातंत्र्याला पाच वर्षे झाली होती, पहिली सार्वत्रिक निवडणूक त्याच वर्षी पुरी झाली. देशापुढे अन्नधान्याची अडचण होती, निर्वासितांचा प्रश्न होता. अशा वेळी मुंबई नगरपालिकेला टेकडीवरची उत्तम जागा मुलांना द्यावीशी वाटली, आणि तेथे आत शिरून जिना चढून वरून डोकावता येईल असा एक प्रचंड बूट उभारावासा वाटला. याचे महत्त्व आम्हाला कोणत्याही पुतळ्याहून अधिक वाटते.

बुटाची कल्पना इंग्रजी बालगीतातली. बुटात राहणाऱ्या एका म्हातारीला इतकी मुले होती की काय करावे ते तिला सुचेना, मग ती त्यांना पातळ पेज देते आणि चोपून निजवते. हे गीत पनवेलच्या मराठी शाळेतल्या मुलाला कोठून ठाऊक असणार? परंतु म्हातारी त्याला ठाऊक होती. आपली म्हातारी भोपळ्यात बसून लेकीकडे जाते, वाघाला चकवते. तेव्हा भोपळ्यातून उतरून म्हातारी बुटात राहायला आली, यात मुलांना काहीच अडचण वाटली नाही. परकी गोष्ट मुले आपल्या गोष्टीत अशी सामावून घेतात की मोठ्यांना पत्ताही लागत नाही. ती चोपणारी म्हातारी मराठीत कधी आलीच नाही, हे चांगले झाले.

त्या काळाचा एकूण सूरच तसा होता. २७ मे १९५१ रोजी मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडले. १९५९ साली सुधा करमरकरांनी 'लिटल थिएटर' काढून मुलांसाठी 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणले आणि मराठी बालनाट्याला वेगळे घर मिळाले. पुढे ३ मार्च १९७७ रोजी वरळीला नेहरू तारांगण सुरू झाले. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालक वर्ष होते. त्या निमित्ताने तेथून जवळच विज्ञानाची खेळणी मांडलेले उद्यान झाले आणि १९८५ साली नेहरू विज्ञान केंद्राची इमारत पुरी झाली. 'हात लावू नका' ही पाटी जेथे नाही असे हे पहिले स्थळ. राणीच्या बागेतल्या काचेच्या कपाटांपासून येथपर्यंत शंभराहून अधिक वर्षे लागली.

यानंतर मात्र वारा फिरला असे आमचे मत आहे. मुलांची करमणूक हा धंदा झाला. १९८९ साली गोराईला खाजगी क्रीडानगरी निघाली, २०१३ साली आपल्याच पुढे खोपोलीजवळ दुसरी. त्यांत वाईट काही नाही. पाळणे उत्तम असतात आणि मुले खूश होतात. गोराईची २०२२ साली बंद पडली, तेव्हा एका पिढीला हळहळ वाटली ती खोटी नव्हती. पण तिकिटाचा विचार करता चार माणसांच्या कुटुंबाने वर्षातून एकदा जावे अशीच ती ठिकाणे. नगरपालिकेने बांधलेल्या बुटात शिरायला मुलाला वर्षभर पैसे साठवावे लागत नव्हते.

राणीच्या बागेतही हा वाद झाला. २००७ च्या सुमारास तिचा कायापालट करून परदेशी थाटाचे प्राणिसंग्रहालय करण्याची शेकडो कोटींची योजना पुढे आली. त्या वेळी मुंबईतल्या काही स्त्रियांनी विचारले की जनावरांच्या नव्या घरांसाठी या बागेतल्या जुन्या झाडांचे काय होणार? या बागेत सुमारे तीन हजार झाडे आहेत आणि त्यांत कितीतरी दुर्मीळ. त्यांनी झाडांची मोजदाद केली, वारसा समितीपुढे गाऱ्हाणे नेले आणि ती योजना त्या रूपात मागे पडली. १८६२ साली जी बाग झाडांसाठीच लावली होती, तिची आठवण अशी नागरिकांनी करून दिली. नंतर २०१६ साली दक्षिण कोरियातील सोलहून आठ पेंग्विन आले. एक दगावला. उरलेले मार्च २०१७ पासून लोकांना दिसू लागले आणि रांगा लागल्या. त्याच वर्षी पाच रुपयांचे तिकीट पन्नास रुपये झाले. आईबाप आणि दोन मुले मिळून शंभर, अशी सवलत ठेवली होती. पाच रुपयांत बाग चालत नाही, हे आम्हाला मान्य आहे. थंड प्रदेशाच्या पाखराला भायखळ्यात गारवा द्यायला खर्च येतो. आमचा आक्षेप एवढाच की तो खर्च करायचा की नाही, हे पाच रुपये देऊन येणाऱ्यांना कोणी विचारले नव्हते. मत्स्यालयाचे २०१५ साली नूतनीकरण झाले, काचेच्या बोगद्यातून डोक्यावर मासे दिसू लागले, आणि २०२० च्या साथीत त्याची दारे मिटली.

इकडे पनवेल पालटले. १९७० साली सिडको झाली, १९७३ साली वाशीचा पूल झाला आणि ठाण्याचा वळसा सुटला. १९९८ साली मुंबईची लोकल पनवेलला पोहोचली. २०१६ च्या ऑक्टोबरात नगरपालिकेची महानगरपालिका झाली. २०२५ साली उलव्याच्या बाजूला विमानतळ सुरू झाला. जेथे भरतीची वाट पाहत मुले बसत, तेथून आता विमाने उडतात. आणि रविवारी सकाळी उलट गंमत दिसते. मुंबईची मोटार मुलांना घेऊन आपल्याकडे येते. त्यांना कर्नाळ्याचे अभयारण्य दाखवायचे असते. हे १९६८ साली झाले, पाखरांसाठी राखलेले महाराष्ट्रातले पहिले जंगल. मुंबईकर 'मुलांना कर्नाळा दाखवायला' येऊ लागला, आणि आपल्यापैकी किती जणांनी आपली मुले तेथे नेली आहेत, हे ज्याचे त्याने मनाशी मोजावे. गावातला वडाळे तलाव आणि आणखी जी काही मोकळी जागा उरली असेल, तिचे काय करायचे हा आता महानगरपालिकेच्या सभागृहात ठरणारा विषय आहे. तेव्हा १९५२ सालच्या मुंबईच्या नगरसेवकांनी काय केले होते, ते तेथे कोणी तरी सांगितले पाहिजे.

१२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू सुरू झाला. न्हाव्याहून निघालेली मोटार समुद्रावरून थोड्या मिनिटांत मुंबईला पोहोचते आणि वाटेत घारापुरीचे बेट पुन्हा दिसते, जसे होडीतून दिसे. हा पूल मुंबईला जेथे उतरतो ती जागा शिवडी. त्याच शिवडीला राणीच्या बागेच्या आधीची ती पहिली बाग होती. मोटारीला जायचे अडीचशे रुपये पडतात. दुचाकीला आणि रिक्षाला मनाई आहे. ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांनी पनवेलहून सकाळची लोकल धरावी, कुर्ल्याला गाडी बदलावी आणि भायखळ्याला उतरावे. पूर्वेच्या बाजूने बाहेर पडले की बाग पायी जाण्याइतकी जवळ आहे. बुधवारी जाऊ नये, बुधवारी ती बंद असते. आत शिरल्यावर मुले पेंग्विनांकडे ओढतील, त्यांना जाऊ द्यावे. परतताना मात्र संग्रहालयाशेजारच्या त्या दगडी हत्तीपाशी थांबावे आणि त्याच्या मानेचा सांधा मुलांना शोधायला सांगावा.